बेटावरचा खोडवा

१६ जून २०२४
बोटीवर

ती. दादा आणि माय,

दीपमालाचा सप्रेम जय भीम.

फोन सोडून ही पोरगी कागद काळे करायला बसली म्हणून हसू नका. फोनवर दादा "बरंय का, जेवलीस का" एवढंच विचारतात, माय पलीकडून रडायला लागते आणि तेवढ्यात रेंज जाते. त्यापेक्षा मी वहीत निवांत लिहीत जाईन. मोठ्या बंदरात पोचलो की पानांचे फोटो धाकट्या पवनला पाठवीन. तो शनिवारी बीडहून घरी आला की वाचा, आणि तुमचं उत्तर कागदावर लिहून त्याच्याकडं द्या. तो फोटो काढून धाडेल.

आधी एक कबुली देते. मी "मोठं जहाज" म्हटलं होतं ते खोटं होतं. ही शिडाची बोट आहे. लांबी अठरा पावलं, मी स्वतः मोजली. आपल्या दारापासून हापशापर्यंतसुद्धा पुरायची नाही. माणसं तीनच : कप्तान जोसेफा, डॉक्टर रोहिणी आणि तुमची नर्स. डॉक्टर इथल्या, फिजीच्याच, पण त्यांच्या पणजोबांना शंभर वर्षांमागं हिंदुस्थानातून उसाच्या कामाला इकडं आणलेलं. त्या अजून हिंदी बोलतात, म्हणून माझं निभतंय. जिथं दवाखाना नाही त्या बेटांवर आम्ही जायचं, औषधं द्यायची, लशी टोचायच्या आणि वारा मिळाला की पुढं निघायचं.

पहिले पाच दिवस पोटात पाणी ठरलं नाही. सहाव्या दिवशी धरून धरून वर आले तर चहूकडं निळंशार, शीड टम्म फुगलेलं, आणि इंजिनाचा आवाजच नाही. इतकी गप्प चालणारी गाडी मी जन्मात बघितली नव्हती. मला एकटीलाच हसू यायला लागलं.

पहिल्या बेटावर एकूण एक्केचाळीस माणसं. सगळी आंघोळी करून, कानात फुलं खोचून रांगेत उभी. बीपी मोजता मोजता एका म्हाताऱ्यानं डॉक्टरांकरवी विचारलं, "पोरी, तू कोणत्या बेटाची?" म्हटलं, "शिरूर कासार." "तिथून समुद्र किती लांब?" म्हटलं, "एसटीनं अख्खा दिवस लागतो." त्याला माझी इतकी दया आली की दोन नारळ देऊन गेला.

आणि माय, इथं गोडं पाणी मोजून असतं. टाकी संपली की संपली. कप्तानानं मला आंघोळीला अर्धी बादली दिली. मी एका तांब्यात आंघोळ करून, दुसऱ्या तांब्यात कपडे पिळून, उरलेलं पाणी परत नेऊन ठेवलं. तो बादलीत वाकून बघतच राहिला. डॉक्टरांना म्हणाला, "ही कुठून आणली?" दुष्काळाचा असा फायदा होईल असं आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं!

सप्टेंबरअखेरपर्यंत कप्तान मला बघणार आहे. पसंत पडले तर दोन वर्षांचा करार, नाहीतर परतीचं तिकीट. दादा, स्पष्टच सांगते, मला इथं राहायचंय. दवाखान्यात मी नोकरी करत होते. इथं आम्ही उतरलो की लोक धावत पाण्यात येतात. हे मला सोडवणार नाही.

तुमची दीपू

—

२९ जून २०२४

चि. दीपूस,

बन्सीचा जय भीम आन् आशीर्वाद.

तू लई शहानी झालीस. मी सगळ्या गावात सांगून बसलो की माझी लेक साखर कारखान्याएवढ्या जहाजावर हाय. आता अठरा पावलं म्हून कुना तोंडानं सांगू? पवन्याला म्हनलं, "काय बे, तुला म्हायती व्हतं का?" तर गडी खाली मान घालून हसायला. सगळे मिळून मला येड्यात काढायलेत.

तुझ्या मायला अठरा पावलं सांगतलंच न्हाई. ती मधीच म्हनली, एवढं हळू कावून वाचायले? म्हनलं, अक्षर बारीक हाय.

मायचा निरोप असा : बोली सप्टेंबरची झाली ती झाली. अशोक विजयादशमीच्या आत लेक घरात पायजे. नेकनूरकडचं एक ठिकान आलंय, पोरगा तलाठी हाय, दिसाय बरा हाय. फोटो तिनं डब्यात ठिवलाय, दिवसातून दोनदा काढून बगती. मी मधी पडनार न्हाई. तुमचं तुमी बगा.

हिकडं पाऊस बरा हाय, कापूस उगवलाय. माझी कंबर हाय तशीच, पर उसाला जायचं बंद केल्यापासून निदान वाकता तर येतं. कोयता दोन वरसं झाले आढ्याला खोसलेला हाय. कधी कधी हात शिवशिवतो, पंचवीस वरसाची खोड जाती का?

आता बापाची एक गोष्ट ध्यानात ठिव. परक्याच्या गावात फुकट खाऊ नको. ज्याच्या घरी भाकर खाल्ली त्याचं एकांदं काम करून द्यावं, न सांगता. आमी मळ्यात गेलो की मालकाच्या दारचं झाडून काडायचो. मानूस बोलून न्हाई, काम करून वळखू येतं.

आन् एक इचारायचं राह्यलं. त्या बोटीत संडासाला कुटं जातेत?

तुझा बाप,
बन्सी

—

३ ऑगस्ट २०२४
बंदरात

ती. दादा,

आहे. छोटासा, पण आहे. तेवढं मायला सांगा.

आता हे पत्र तुम्ही एकट्यानं वाचा. माझ्या हातून फार वाईट झालंय.

माकोई नावाच्या बेटावर आम्ही तीन दिवस दवाखाना लावला, आना नावाच्या बाईच्या ओसरीत. साठीची बाई, एकटी राहते. तिन्ही दिवस तिनं मला नारळाच्या दुधातला मासा आणि उकडलेले कंद खाऊ घातले. केस विंचरून दिले. भाषा येत नाही, पण "खा" आणि "अजून खा" कळतंच की. तुमचं म्हणणं डोक्यात होतं : ज्याच्या घरी भाकर खाल्ली त्याचं काम करून द्यावं.

तिच्या घरामागं उसाचं मोठं रान होतं. कित्येक वर्षं न तोडलेलं, आडवं पडलेलं, पायवाटेवर आलेलं, आत उंदीर. मला वाटलं, बिचारी एकटी, तोडणार कोण? रविवारी सगळं गाव चर्चमध्ये गेलं. डॉक्टरही गेल्या. मी तिचा लांब सुरा घेतला आणि लागले. दादा, वसतिगृहाच्या सुट्टीत तुमच्यासोबत तोडायचे त्याला आठ वर्षं झाली, पण हात विसरला नव्हता. जमिनीलगत, सपासप. तासाभरात सात मोळ्या, शेंड्याच्या वाढ्यानंच बांधलेल्या, भिंतीला नीट रचून ठेवल्या. घाम पुसत उभी राहिले आणि मनात म्हटलं, आज दादांनी बघायला पाहिजे होतं.

लोक गाणं म्हणत परत आले. घराच्या कोपऱ्यावर आले आणि गाणं थांबलं. आना तिथंच मातीत बसली. डॉक्टर माझ्याकडं बघून त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "तुम ई का करा?"

तिथली रीत अशी आहे. गावातला कुणी समुद्रावर निघाला की जायच्या आधी घरामागं स्वतःच्या हातानं ऊस लावून जातो. तो परत येईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. आला की पहिली कांडी तोच मोडतो. आणि माणूस मेल्याची खबर आली, तरच घरचे लोक तो ऊस तोडतात. आनाचा लेक पाच वर्षांमागं मासेमारीच्या जहाजावर गेला. तीन वर्षं त्याची काहीच खबर नाही. ना जिवंत असल्याची, ना दुसरी. तिनं ऊस ठेवला होता. मी तिच्या लेकाचा ऊस तोडला, दादा. तिच्या दारात त्याचं मयत करून ठेवलं, वर मोळ्या बांधून रचल्या.

गावच्या म्होरक्यानं सांगितलं, ही पोरगी पुन्हा किनाऱ्यावर उतरायची नाही. कप्तान मला रागावला नाही, त्याचंच जास्त लागलं. एवढंच म्हणाला, "बोट या लोकांची आहे. ज्याला ते घरात घेत नाहीत त्याला मी बोटीवर ठेवू शकत नाही." सप्टेंबरमध्ये लशीच्या दुसऱ्या डोससाठी आम्ही पुन्हा माकोईला जाणार. तेव्हा गाव काय म्हणेल त्यावर माझं ठरणार.

माझ्या नोकरीचं जाऊ द्या. ती बाई डोळ्यांपुढून हलत नाही. मंगळवारपर्यंत आम्ही बंदरात आहोत. काही सुचत असेल तर सांगा.

दीपू

—

४ ऑगस्ट २०२४

दीपू,

काल रातच्याला पवन्यानं दावलं, सकाळी उठून पयलं हेच लिव्हायलो.

आधी माजी चूक पदरात घेतो. मीच सांगतलं व्हतं काम करून दे म्हून. आन् त्याच्याहून मोठी चूक : ऊस दिसला की तोडायचा, एवढंच तुला बगायला मिळालं. ऊस कुनाचा, कुनी लावला, हे इचारायचं आमी तुला शिकिवलं न्हाई. आमालाच कुनी कधी सांगतलं न्हाई, तर शिकिवनार काय? मुकादम बोट दावायचा, आमी वाकायचो.

आता नीट आयक. तू लिव्हलंस, जमिनीलगत तोडला. मंग ऊस मेला न्हाई! तू नर्स झालीस पर एवढं इसरलीस? एका मळ्यात आमी लगोलग चार वरसं तोडायला गेलतो, तो एकच ऊस व्हता. दर साली आमी तोडायचो, दर साली त्याच मुळावर नवा उभा. त्याला खोडवा म्हनतेत. तू लहान असताना त्याच मळ्याच्या बांधावर झोळीत झोपायचीस. वर कापला तर बुडखा सडतो, म्हून मालक आमच्या मागं कुत्र्यावानी भुकायचा, "खालून तोडा, खालून!" तुझ्या हाताला तीच खोड हाय, बरं झालं.

हे ताबडतोब त्या बाईपतुर पोचीव, कसं बी कर :

खाली पडलेलं वाळकं पाचट पेटवू नका. रागानं तर बिलकूल न्हाई. बुडख्यावरचं पाचट हातानं बाजूला सारा, उजेड लागू द्या. मुळाला माती लावा. डुकरं असली तर काट्याची कुपाटी घाला. पंधरा दिसांत कोंब दिसला न्हाई तर बन्सीचं नाव बदला.

आन् दुसरं. निरोप धाडला म्हून तुझं काम झालं न्हाई. माफी लांबून मागत न्हाईत. ज्याचं बिगडिवलं त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, मंग तो शिव्या दिऊ नाहीतर झाडू घेऊन येऊ. उतरू न्हाई दिलं तर पान्यात उभी राह्य. पर तोंड चुकवून घरी येऊ नको. तसली आलीस तर मायला आवडंल, मला न्हाई आवडनार.

तुझ्या मायला मी सगळं वाचून दावलं. लपवायचं म्हनलीस पर मला न्हाई जमलं. आयकून ती उठली आन् भांडे घासत बसली. घासलेलेच भांडे.

बाप

—

१९ सप्टेंबर २०२४
बंदरात

ती. दादा, ती. माय,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी डॉक्टरांना वाचून दाखवलं, त्यांनी कप्तानाला सांगितलं, आणि कप्तानानं दुसऱ्या सकाळी रेडिओवरून माकोईला तुमचा शब्दन् शब्द कळवला. बन्सीचं नाव बदला, हे पण. निरोप पोचला, एवढंच कळलं. मग सहा आठवडे आम्ही दुसऱ्या बेटांवर फिरलो. काम केलं, पण हसायला जीव होत नव्हता.

रविवारी माकोई दिसलं. डॉक्टर छोट्या होडीतून किनाऱ्याला गेल्या. मीही होडीत बसले, पण वाळूवर पाय ठेवला नाही. तुम्ही म्हटलं तशी कमरेएवढ्या पाण्यात उतरून उभी राहिले. पोहता तर मला येत नाही. किनाऱ्यावर सगळं गाव जमलं.

आना आली. कपडे भिजतील याचा विचार न करता सरळ पाण्यात आली, माझं मनगट धरलं आणि ओढत नेलं घरामागं. दादा, गुडघ्याच्या वर आलाय! हिरवागार, दाट. मी मोजायला लागले, त्रेचाळीस कोंबांनंतर डोळ्यांना दिसेना.

मग तिनं सांगितलं आणि डॉक्टरांनी हिंदीत करून दिलं. नऊ दिवस ती रडली होती. दहाव्या दिवशी रेडिओवर तुमचा निरोप आला तेव्हा तिला राग आला. म्हणाली, हा कोण बन्सी, माझ्या लेकाच्या उसाचं मला शिकवणारा? पण रागारागातच उठून तिनं पाचट सारलं. रोज सकाळी जाऊन बघायची. पाचट सारल्यापासून बाराव्या दिवशी कोंब आला. तिनं सगळ्या गावाला बोलवून आणलं. म्होरका गुडघ्यावर बसून बघत राहिला. तो म्हणाला, मेलेल्या माणसाचा ऊस असा उठत नाही.

मी पाया पडून माफी मागितली. ती मला उठवून मागच्या दारात घेऊन बसली आणि म्हणाली, "तो ऊस इतका वाढला होता की दारातून समुद्र दिसत नव्हता. पाच वर्षं मी लेकाची वाट बघितली, पण त्याची वाट मला दिसतच नव्हती. तोडायची माझी छाती नव्हती. आता रोज इथं बसते. मूळ त्याच्याच हातचं आहे." मग दोघी खूप रडलो आणि तिनं मासा वाढला.

संध्याकाळी म्होरक्यानं मला पंगतीत बसवून त्यांचं एका झाडाच्या मुळ्या कुटून कालवलेलं मानाचं पाणी प्यायला दिलं. चव चिखलासारखी, जीभ बधिर होते, पण वाटी एका दमात संपवायची असते. संपवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

निघायच्या दिवशी आनानं माझ्या हातात उसाचं टिपरं, लावायचा कांडीचा तुकडा, ठेवलं. म्हणाली, समुद्रावर निघालीस ना, मग लाव. आता बघा माझी फजिती. खड्डा केला, टिपरं घेतलं, आणि कळेना की उभं लावायचं की आडवं, कोंबाचा डोळा वर करायचा की खाली. एवढा ऊस तोडलेली पोरगी, आणि लावलं कधी एकसुद्धा नव्हतं! सगळं गाव पोट धरून हसलं. आनानं हात धरून लावून घेतलं. तिच्या लेकाच्या उसाशेजारीच आहे.

कप्तानानं बोटीवर चढताच कागद पुढं केला. दोन वर्षं. माझी इच्छा तुम्हाला माहीत आहे. पण मायनं नाही म्हटलं तर मी सही करणार नाही, दसऱ्याच्या आत घरी येते. रुसून येणार नाही, खरंच सांगते. तीस तारखेपर्यंत कळवा.

दीपू

—

२२ सप्टेंबर २०२४

चि. दीपू,

माझं नाव बदलायचं वाचलं. बस, मला एवढंच लिव्हायचं व्हतं. त्या म्होरक्याला माझा जय भीम सांग.

आता तुझी माय बोलायली, मी नुसता लिव्हनार. मधी एक शबूद घालायचा न्हाई म्हून तिनं बजावलंय.

"दीपे, मी बोलायले. ती आना मला कळाली. आमी दिवाळीच्या तोंडावर उसाला निघायचो, तू वसतिगृहाचं फाटक धरून उभी राह्यचीस. मी मागं वळून बगत नव्हते. तुला वाटलं आसंल, दगडाची माय हाय. वळून बगितलं आसतं तर मला टॅक्टरात चढाय झालं नसतं, म्हून बगत नव्हते. सहा सहा महिने तू आमची वाट बगितली. आमच्या हातचं म्हून तुझ्यापाशी काय ठिवलं व्हतं? काय बी न्हाई. लेकरू नुसतं वाटंकडं बगत बसायचं. हे मला त्या पत्रावरून उमगलं, आन् लई लागलं.

नेकनूरच्या लोकांना पवनच्या हाती सांगून धाडलं, दोन वरसं थांबा, न्हाईतर दुसरी बगा. तलाठी काय, मिळत्यात.

काल तुझ्या बापाला सिंदफणा नदीकाठच्या मळ्यात धाडला. माझ्यासाठी एक टिपरं आन म्हनलं, तर गडी सात घेऊन आला. चौदाव्या वरसापासून मी ऊस तोडला, लावला काल पयल्यांदा. मोरीचं पानी तिकडं वळीवलंय. खरं तर जानाऱ्यानं लावून जायचा, पर तू तर आधीच गेलीस, म्हून मी तुझ्या नावानं लावला. तू येस्तवर कुनी हात लावनार न्हाई. तुझ्या बापाला सांगून ठिवलंय, कोयता आढ्यावरून खाली आला तर माझ्याशी गाठ हाय.

उसाला तोंड लावू न्हाई म्हून शेळी बी आजपासून दाव्याला बांधलीया. कर सही."